ठकीची कटकट

तोंडी वजाबाकी करताना शेजारी कोण असलेलं बरं, नवरा की कुत्रं? हा प्रश्न अमेरिकेतल्या संशोधकांनी अगदी गंभीरपणे घेतला आणि त्याचं उत्तर २००२ साली छापूनही आलं. २४० जोडपी निवडली होती. त्यातल्या निम्म्यांच्या घरी कुत्रं किंवा मांजर होतं. त्यांना भराभर तोंडी वजाबाक्या करायला लावल्या, बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावला आणि तेवढ्यात त्यांचा रक्तदाब मोजला. पाळलेलं जनावर जवळ असताना तो सगळ्यात कमी चढला. जोडीदार समोर असताना चांगलाच चढला, शिवाय गणितंही जास्त चुकली. हे मी घरी जेवताना वाचून दाखवलं, तर नवरा म्हणाला, "यासाठी २४० जोडपी कशाला लागली? आपल्याकडे आले असते तरी चाललं असतं."

त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. कुत्रं उत्तर तपासत नाही, भुवया उंचावत नाही, 'तुला सोपी सोपी गणितं कधी जमलीच नाहीत' असं चारचौघांत म्हणत नाही.

पण एवढ्यावरून लोक थेट 'निरपेक्ष प्रेमा'वर उडी मारतात ते मला पटत नाही. पाळीव प्राण्यांच्या फायद्यांच्या ज्या याद्या फिरत असतात त्यांत हे प्रेम कायम पहिल्या नंबरावर. आमच्या ठकीच्या अपेक्षा भरपूर आहेत आणि त्या घड्याळाच्या ठोक्याला पुऱ्या व्हाव्या लागतात. सकाळी उजाडायच्या आत बाहेर नेलं नाही तर ती दारापाशी बसून असा सूर लावते की वरच्या मजल्यावरचे जागे होतात. जेवणात अंडं नसेल तर भात हुंगून निघून जाते. माझं तर मत असं झालंय की जनावर पाळण्याचा खरा फायदा त्याच्या कटकटीतच आहे.

हे मत आप्पांमुळे झालं. आप्पा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्या आणि आप्पांनी बाल्कनीतली खुर्ची धरली. डॉक्टरांनी बजावलं, रोज चालायला हवं. आप्पा म्हणाले, उद्यापासून. त्या 'उद्यापासून'पुढे आम्ही सगळ्यांनी हात टेकले. नवीन बूट आणले, ते खोक्यातच राहिले. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं. आप्पा त्यात फक्त वेळ बघायचे.

ठकी नाशिकच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेली, शुद्ध गावठी. एका पावसाळ्यात लेकाने उचलून वर आणली. त्याचे नव्याचे नऊ दिवस संपले आणि घरात दिवसभर असणारा माणूस एकच, म्हणून ती आप्पांच्या गळ्यात पडली. कुत्र्याला 'उद्यापासून' कळत नाही, हे आप्पांना पहिल्याच आठवड्यात समजलं. डॉक्टरांचा सल्ला पुढे ढकलता येतो, ठकीची शू ढकलता येत नाही. खोक्यातले बूट निघाले. आप्पा आता दोन्ही वेळा जातात, कुरकुरत जातात, आणि येताना मात्र भाजी, दूध आणि कुठल्या गल्लीत रस्ता खणलाय याची बातमी घेऊन येतात. रक्तदाबाची गोळी सुटलेली नाही, डोसही तोच आहे. कुत्रं आणलं की गोळ्या बंद, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. फक्त गोळी घेतली का, हे आता आम्हाला विचारावं लागत नाही, कारण ठकीच्या जेवणाच्या वेळेला आप्पांनी स्वतःची गोळी बांधून टाकली आहे.

स्वीडनमध्ये कुत्र्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यामुळे तिथल्या संशोधकांना ३४ लाखांहून जास्त माणसांच्या १२ वर्षांच्या नोंदी कुत्र्यांच्या यादीशी ताडून पाहता आल्या. २०१७ साली निष्कर्ष आला: एकट्या राहणाऱ्यांमध्ये ज्यांच्याकडे कुत्रं होतं त्यांचा मृत्यूचा धोका कुत्रं नसलेल्या एकट्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी. भरल्या घरात हा फरक बराच कमी होता. आता यात एक मेख आहेच, आणि ती त्या संशोधकांनाही माहीत होती. ज्याचे पाय धड आहेत तोच कुत्रं पाळायला जातो. म्हणजे कुत्र्यामुळे तब्येत चांगली की तब्येत चांगली म्हणून कुत्रं, हे नोंदवह्या सांगू शकत नाहीत. आमच्या घरी मात्र कुत्रं आधी आलं आणि बूट मागून निघाले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कटकटीतली सगळ्यात मोठी कटकट म्हणजे गोचीड. कुठल्याही यादीत तिचं नाव नसतं. रविवारी सकाळी आप्पा बाल्कनीत वर्तमानपत्र पसरतात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणतात, एका जुन्या स्टीलच्या वाटीत साबणाचं पाणी घेतात आणि बारीक टोकाचा चिमटा हातात धरतात. ठकी आपणहून आडवी होते. आधी कान. कान उलटा करून आतल्या घड्या एकेक करून बघायच्या. मग गळपट्ट्याखाली, मग पंजे, बोटांच्या बेचक्यांत तर हमखास. केस फुंकर मारून बाजूला करायचे, गोचीड अगदी कातडीलगत धरायची आणि सरळ वर ओढायची, पिळायची नाही, नाहीतर तोंड आतच राहतं. रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी फुगलेली मादी सापडली की आप्पा ती आम्हाला बोलावून दाखवतात. ती तशीच सुटली तर भिंतीच्या फटीत जाऊन हजारो अंडी घालते, ही माहितीही दर वेळी देतात. डॉक्टरांनी गोचिडीवर मानेवर लावायचं औषध दिलंय, ते महिन्याच्या महिन्याला लावतोही, त्यामुळे पुष्कळ रविवारी वाटी रिकामीच असते. तपासणी मात्र चुकत नाही.

त्या तासाभरात आप्पांचा फोन वाजला तर ते उचलत नाहीत. एरवी चहाचा कप धरताना थरथरणारा त्यांचा हात चिमटा धरल्यावर स्थिर असतो. ठकीचे डोळे मिटलेले, खालचा ओठ लोंबतोय. आप्पा तिच्याशी बोलत असतात, आणि जे बोलतात ते बहुतेक सासूबाईंबद्दल असतं. आम्हाला त्यांनी आईंच्या शेवटच्या आजारपणाविषयी एक अक्षर सांगितलेलं नाही. मी स्वयंपाकघरात भांडी उगाच हळू घासते.

सोसायटीत त्यांना आता 'ठकीचे आजोबा' म्हणतात. तेही बाकीच्यांना ब्रूनोचे बाबा, सिंबाची आई असंच ओळखतात, आडनावं कुणाचीच माहीत नाहीत. सगळेच काही खूश नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना लहानपणी कुत्रं चावलेलं आहे, त्या ठकीला बघून अजून भिंतीला चिकटतात. कुत्रेवाल्यांनी अशा वेळी 'काही करत नाही हो ती' म्हणून पुढे रेटायचं असतं, अशी एक रीत पडली आहे. मला ती उद्धट वाटते. माणसाची भीती खरीच असते. आप्पा लिफ्ट सोडून देतात, जिन्याने जातात. रेबीजच्या लशीचं कार्ड खिशात ठेवतात आणि कुणी न विचारताही दाखवतात.

दिवाळीत मात्र उलटं होतं. पहिला बाँब फुटला की ठकी बाथरूमच्या कोपऱ्यात शिरते आणि आप्पा प्लास्टिकच्या स्टुलावर, नळाशेजारी, तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहतात. रेडिओ मोठ्याने लावलेला. माझा नवरा दारात उभा राहून हे बघतो. "आम्ही घाबरलो की आम्हाला गच्चीवर नेऊन हातात माळ द्यायचे," तो म्हणतो. त्याच्या आवाजात थोडी असूया असते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने कुत्रीचा मत्सर करावा हे काही बरं नाही, पण त्याचीही बाजू आहे.

आप्पा आता पंच्याहत्तरीला टेकलेत आणि ठकी अजून तरणी आहे. "मी गेलो तर हिचं कोण बघणार?" असं ते मधूनमधून म्हणतात. आम्ही 'असं काय बोलता' म्हणून विषय बदलतो. आमच्या बदलण्याने त्यांचं समाधान होत नसावं, कारण त्यांनी परस्पर बंदोबस्त केला. तळमजल्यावरच्या चौथीतल्या मुलाला त्यांनी रविवारी हाताखाली घेतलं. कान कसा उलटा करायचा, चिमटा कुठे धरायचा, सगळं शिकवलं. पोरगं हुशार निघालं, चार-पाच गोचिडी त्याने स्वतःच काढल्या. या रविवारी दुपारी त्याच्या आईचा इंटरकॉमवर फोन आला. आवाज तापलेला होता. शाळेत दाखवायला म्हणून तो वाटी घरी घेऊन गेला होता, आणि ती त्याने ओट्यावर, कोशिंबिरीशेजारी ठेवली होती.