पुढची काच: खार, जांभ्याची धूळ आणि धुकं

रात्री समोरून दिवे आले की काच पांढुरकी दिसते, तेव्हा मळ बऱ्याचदा आतून असतो. डॅशबोर्डचं प्लॅस्टिक उन्हात तापून जी वाफ सोडतं, तिचा तेलकट थर काचेवर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी अर्धं-अर्धं घ्या, मायक्रोफायबरवर थोडंसं टाकून पुसा, लगेच कोरडं फडकं फिरवा. आतून आडवं, बाहेरून उभं पुसलं की राहिलेला पट्टा कुठल्या बाजूचा ते कळतं.

बाहेर खाऱ्या वाऱ्यानं धरलेली जांभ्याची लाल धूळ असते. त्यावर कोरडा वायपर म्हणजे पॉलिशपेपरच. आधी भरपूर पाणी ओता. वायपर उचलून रबराची कडही ओल्या फडक्यानं पुसा; काळं निघेल तितकं काढा. तरीही पट्टे पडले किंवा रबर चिरलेलं दिसलं तर ते मृगाआधीच बदला. वॉशरच्या टाकीत कपड्यांची पावडर नको, नोझल तुंबतं.

आंबोलीच्या घाटात काच आतून धुरकटली तर एसी चालू ठेवून बाहेरची हवा घ्या. बाहेरून धुरकटली तर काच एसीनं थंड झालेली असते: वायपर मारा, काचेवरचा गार झोत बंद करा, तापमान वाढवा.