डॉक्टरांची साक्ष आधी झाली

सत्र न्यायालयात मी आरोपीतर्फे चालवलेल्या, खुनाच्या प्रयत्नाच्या एका खटल्यात सरकार पक्षाने जखमी फिर्यादीच्या आधी डॉक्टरांना तपासले, कारण त्यांची बदली झाली होती आणि नेमक्या त्या तारखेला ते येऊ शकत होते. मी हरकत घेतली नाही.

फिर्यादीने पोलीस जबाबात काठीचा मार सांगितला होता, तर वैद्यकीय प्रमाणपत्रात डोक्यावर सहा सेंटीमीटर लांबीची, सरळ कडांची, कापल्याची जखम होती. अशी जखम काठीने होईल का, या उलटतपासातील माझ्या प्रश्नाला डॉक्टरांनी "नाही" असे उत्तर दिले आणि मी समाधानाने खाली बसले. फिर्यादी साक्षीला येण्यापूर्वीच माझा सगळा बचाव उघडा पडला होता.

तीन आठवड्यांनी फिर्यादीने शपथेवर सांगितले की काठीच्या टोकाला कोयत्याचे पाते बांधले होते. हा मजकूर जबाबात नाही हे मी सिद्ध करून घेतले, परंतु डॉक्टरांचे "नाही" आता त्याच्याच कामी येत होते. तेव्हा लागू असलेल्या (२०२४ पर्यंतच्या) फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३१(२) प्रमाणे एका साक्षीदाराचा उलटतपास दुसऱ्याची साक्ष होईपर्यंत राखून ठेवता येत असे आणि त्याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली केरळ राज्य विरुद्ध रशीद या निकालात मांडले आहेत. तो अर्ज मी वेळीच द्यायला हवा होता. अखेर कलम ३११ खाली दिलेला फेरबोलावणीचा अर्ज, उणीव भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे ही सरकारी वकिलांची हरकत फेटाळून, न्यायालयाने मंजूर केला.

डॉक्टर चार महिन्यांनी आले. मुद्देमाल कारकुनाने लाखेचे सील फोडून काठी त्यांच्या हाती दिली, तेव्हा ते म्हणाले, "ही मी आज पहिल्यांदा पाहतो आहे." पाते बांधून जोराने वार झाला असता तर कवटीवर खूण उमटण्याची शक्यता मोठी होती, आणि सीटी स्कॅनमध्ये तशी खूण नव्हती, हे त्यांनी मान्य केले. मात्र त्यानंतर सरकारी वकिलांनी घेतलेल्या फेरतपासात त्यांनी हेही सांगितले की डोक्याची त्वचा हाडावर ताणलेली असल्याने बोथट मारानेही ती सरळ रेषेत फाटू शकते, जखमेच्या कडा त्यांनी भिंगाखाली तपासल्या नव्हत्या, आणि म्हणून पूर्वीचे "नाही" ते आज तितक्या ठामपणे म्हणणार नाहीत.

लघुलेखकाने तेही टंकित केले. एकाच साक्षीदाराच्या दोन उत्तरांमध्ये फिर्यादीची शपथ अडकली होती, आणि आरोपी तेवढे चार महिने कच्च्या कैदेत होता.