देवळाली कॅम्प, भगूर की पाथर्डी फाटा?

नवऱ्याची नाशिकच्या अंबड एमआयडीसीत बदली झाली आहे, मेमध्ये पुणं सोडायचं. आज मुलांना घेऊनच घरं बघत फिरलो. राहायचं त्यांनाही आहे, मग त्यांनी का बघू नये?

पाथर्डी फाटा सोयीचा आहे, यात वाद नाही. कंपनी जवळ, महापालिकेची हद्द, दुकानं-दवाखाने खाली उतरलं की समोर. पण मुंबई-आग्रा महामार्गाची ती वर्दळ बघून माझा जीव धाकट्यातच अडकला. दुसरीतलं पोर एकटं क्लासला कसं सोडायचं?

मग देवळाली कॅम्प. जुनी झाडं, मोकळी हवा, लष्करी भाग असल्यानं इमारतीही बेताच्याच. मुलं तिथे अक्षरशः पळत सुटली. तसंच पुढे गेलं की भगूर. गावं एकमेकांना लागून, पण कॅम्पात कॅन्टोन्मेंट आणि भगूरला नगरपालिका. म्हणजे पाणी, घरपट्टी, कचरा, सगळ्याची चौकशी दोन्हीकडे वेगळी करायची. घर आवडलं तरी ते नेमकं कुणाच्या हद्दीत येतं हे आधी विचारा, असं मी आता प्रत्येकाला सांगेन. भाडं त्यानंतर.

थोरली यंदा आठवीत जाईल. तिला मैत्रिणी तुटण्याचं दुःख आहे आणि ते मला घरापेक्षा मोठं वाटतं. म्हणून आधी तिची शाळा ठरवणार, घर तिच्या चालण्याच्या अंतरात.

माझं मन कॅम्पकडे आहे. तिकडून वडनेरमार्गे रोज अंबडला जाणारं कुणी असेल, तर पावसाळ्यात तो रस्ता कसा असतो, जरूर सांगा.