तविसकल आणि आजीचं ठेसन

आमची आजी स्टेशनला शेवटपर्यंत 'ठेसन'च म्हणायची. परवा तिची आठवण झाली ती जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये, मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या एका जुन्या पोथीमुळे.

नोकरीसाठी इथे येऊन तीन वर्षं झाली, पण पोथी बघायला आत्ता मुहूर्त लागला. ग्रंथालयाच्या अंधाऱ्या खोलीत ती काचेत ठेवली आहे. लांबी साडेतीन मीटर, कागद झाडाच्या सालीचा, वर चुन्याचा पातळ लेप. 1739 मध्ये व्हिएन्नात विकत घेतलेली, 1945 च्या बॉम्बहल्ल्यात भिजलेली.

खरी गंमत घरी आल्यावर. ग्रंथालयाच्या साइटवर पोथीची पानं आहेत. 46 ते 50 उघडली. हे शुक्राचं पंचांग! पहाटे 236 दिवस, मग 90 दिवस गायब, संध्याकाळी 250, पुन्हा 8 गायब. एकूण 584. शुक्रास्तात लग्न न धरणाऱ्या घरातला मी, त्यामुळे जरा जास्तच रमलो. पाच पानांवर पाच शुक्रदेव, हातात भाले. 48 व्या पानावर खाली मक्याचा देव घायाळ पडलाय.

आणि याच पानावरच्या भालेवाल्याचं नाव? त-वि-सि-क-ल. हे माया नावच नव्हे. मध्य मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला त्लाविस्काल्पान्तेकुत्ली, म्हणजे पहाटेच्या घराचा धनी. माया भाषांत 'त्ल' नाही, म्हणून नुसता 'त', आणि मागचं लांबलचक शेपूट छाटलेलं. अगदी ठेसन! पुढच्या पानावर 'शिवतेइ' आहे, तो तिकडचाच अग्निदेव शिउतेकुत्ली. (आपल्या शिवाशी काडीचा संबंध नाही, कृपया फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड करू नये.)

व्हॅटिकनमधली बोर्जिया पोथी मध्य मेक्सिकोच्या शैलीतली, कातड्यावर रंगवलेली. तिच्यातही शुक्राचे असेच भाले चालतात. माद्रिदच्या माया पोथीत चार दिशांत मांडलेलं 260 दिवसांचं चक्र आहे, त्याचं भावंड लिव्हरपूलमधल्या मेक्सिकन पोथीच्या पहिल्याच पानावर. पण 584 दिवसांची अशी चार भागांत मांडणी बोर्जियात नाही. ती माया लेखनिकाची, घरची.

मला राहून राहून एक वाटतं. मध्य मेक्सिकोच्या पोथ्यांत देव चित्राने ओळखायचा, नाव असं अक्षर-अक्षर लिहिलेलं नसतं. म्हणजे चित्र पोथीतून आलं असेल, पण नाव कुणीतरी समोर बसून तोंडाने सांगितलं असणार. दोनतीनदा सांगितलं असेल. ऐकणाऱ्याने 'त्ल' म्हणून बघितलं असेल, आणि मग सोडून दिलं असेल.