तुम्ही विचारलंत म्हणून: बोट कुठं होतं?

"एवढी पुस्तकं आणता, सगळी पूर्ण वाचता का हो?" हे मला सोसायटीत, नात्यात, गाडीत, सगळीकडे विचारतात. विचारणाऱ्याचं लक्ष बहुधा माझ्या पिशवीकडे असतं. तर, नाही वाचत. निम्मी सोडून देते.

आमच्याकडे ताटात टाकलेलं चालत नसे, आणि पुस्तकालाही तोच कायदा. "घेतलंस ना, मग संपव," असं वडील म्हणायचे. त्या धाकापायी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी मी पाच महिने रेटली. वाचनालयाचा दंड भरला. शेवटी गड कुणी घेतला ते आज आठवत नाही, दंडाचा आकडा आठवतो.

ही खोड मोडली पंचवटी एक्स्प्रेसने. अकरा वर्षं पासावर मुंबईला जात होते. नाशिकरोडला सकाळी गाडी पकडायची, इगतपुरीपर्यंत चहा आणि डब्यातलं राजकारण, मग घाट लागला की पुस्तक. घाटात बोगदे. दिवे बंद असले की ओळीवर बोट ठेवून अंधारात बसायचं. उजेड आल्यावर बोट जागेवर असलं तर पुस्तक बरं. बोट कधी उचललं, कुठल्या ओळीवर होतं, हेच सांगता येत नसेल तर कसारा यायच्या आत ते पिशवीत. याहून चांगली परीक्षा मला अजून सापडलेली नाही.

नंतर कळलं, शहाण्यांनी हे आधीच सांगून ठेवलंय. पेनाक नावाच्या फ्रेंच लेखकाने १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहिले. पहिला हक्क न वाचण्याचा, पानं गाळायचा दुसरा, अर्धवट सोडण्याचा तिसरा. आपल्या ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१च्या पाच सूत्रांतलं चौथं तर 'वाचकाचा वेळ वाचवा' असंच आहे. ते ग्रंथालयांसाठी होतं, पण मी स्वतःला लावून घेतलं. (वडिलांना दाखवायची मात्र हिंमत झाली नाही.)

या बाबतीत नाशिककर नशीबवान. 'सावाना', म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० पासून आहे, शिवाय कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातल्या पुस्तकांच्या पेट्या. पुस्तक फुकट गेलं असं वाटतच नाही, परत करायचं आणि दुसरं घ्यायचं. विकत घेतलेलं सोडताना मात्र अजून जिवावर येतं, खोटं कशाला बोलू?

शेवटचं पान आधी वाचायचीही सवय आहे. गेल्या पावसाळ्यात एक रहस्यकथा आणली. पान १२ वर एका नावाभोवती पेन्सिलीने गोल, समासात लिहिलेलं, 'हाच!' चिडले, आणि लगेच शेवट उघडला. हाच नव्हता. मग त्या आधीच्या वाचकाला तोच का वाटला असेल, हे शोधण्यासाठी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही पान न गाळता वाचलं.