शाळेचं रेटिंग बघून घर घेता, तर शाळेचं बजेटही वाचा

न्यू जर्सीत घर शोधणारं मराठी कुटुंब आधी शाळेचं रेटिंग बघतं आणि मग घर. एका आकड्याच्या फरकासाठी मोठं कर्ज डोक्यावर घ्यायची तयारी असते. पण मुलं एकदा शाळेत जायला लागली की तो स्कूल डिस्ट्रिक्ट (म्हणजे त्या भागातल्या सगळ्या सरकारी शाळांचा एकत्र कारभार) चालवतं कोण, त्याला पैसा येतो कुठून आणि दर वर्षी मार्च ते मे या काळात तिथे काय ठरतं, याची चौकशी फार थोडे जण करतात. वर्गात २२ मुलं असतील की २८, ऑर्केस्ट्रा चौथीपासून असेल की सहावीपासून, हे त्या तीन महिन्यांत ठरतं. रेटिंगला त्यातलं काहीच कळत नाही.

उदाहरण म्हणून वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो घेऊ, कारण तिथे आपली माणसं भरपूर आहेत. हा प्रादेशिक डिस्ट्रिक्ट आहे. गावं दोन आणि काउंट्याही दोन: वेस्ट विंडसर मर्सरमध्ये, प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये. शाळा दहा. चार प्राथमिक, चौथी-पाचवीसाठी दोन, दोन मिडल स्कूल आणि नॉर्थ व साऊथ ही दोन हायस्कूलं. नऊ जणांचं निवडून आलेलं बोर्ड ऑफ एज्युकेशन हा कारभार बघतं आणि त्यातल्या जागा दोन्ही गावांत लोकसंख्येनुसार वाटलेल्या असतात. मुदत तीन वर्षांची, दर वर्षी साधारण एक तृतीयांश जागांची निवडणूक, आणि मानधन शून्य.

बोर्ड शाळा चालवत नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या संस्थाचालकांची सवय असलेल्यांना पचायला जड जाते. बोर्ड धोरण ठरवतं, बजेट मंजूर करतं आणि सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचा मुख्य प्रशासक, नेमतं. रोजचा कारभार सुपरिंटेंडंटचा. त्यांची शिफारस नसेल तर बोर्ड एखादा शिक्षकही नेमू शकत नाही. उलट सुपरिंटेंडंटने शिफारस केली तरी नेमणुकीला पूर्ण बोर्डाचं बहुमत लागतं. म्हणजे नऊपैकी पाच मतं हवीत, मग त्या रात्री हजर कितीही असोत. सहा जण आले आणि दोघे तटस्थ राहिले तर ठराव पडतो. एकट्या सदस्याला तर कसलाच अधिकार नसतो. म्हणून मुलाच्या गणिताच्या लेव्हलची तक्रार थेट बोर्डाच्या सदस्याला ईमेल करून काही होत नाही. आचारसंहितेनुसार त्यांना ती सुपरिंटेंडंटकडेच पाठवावी लागते. आधी शिक्षक, मग काउन्सेलर किंवा प्रिन्सिपल, मग डिस्ट्रिक्ट ऑफिस, हीच वाट लवकर पोचवते.

बोर्डाच्या सभा १९७५ च्या ओपन पब्लिक मीटिंग्ज अॅक्टखाली होतात. कर्मचाऱ्यांचे विषय, वाटाघाटी, खटले, एखाद्या विद्यार्थ्याचं प्रकरण अशा मोजक्या विषयांपुरतं बंद दाराआड जाता येतं, बाकी सगळं उघड्यावर. मत देण्यासाठी अमेरिकन नागरिकत्व लागतं, पण सभेत बोलण्यासाठी लागत नाही. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असलेला पालक पब्लिक कॉमेंटच्या वेळी उभा राहून नाव-गाव सांगून बोलू शकतो. बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं मिळतात. ती प्रस्तावनेत घालवू नका. अजेंडा आधी वेबसाइटवर येतो. त्यातला ठरावाचा क्रमांक सांगा, प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा. बरेचसे ठराव गठ्ठ्याने एका मतात मंजूर होतात, त्यामुळे तुमच्या विषयाचा ठराव आधी शोधून ठेवला नाही तर तो कधी निघून गेला ते कळतही नाही.

आता पैसा. महाराष्ट्रात अनुदानित शाळेच्या शिक्षकाचा पगार सरकार देतं. इथे सुस्थितीतल्या उपनगरात तो मुख्यतः गावातल्या घरांवरच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो. २०२४ मध्ये न्यू जर्सीतलं सरासरी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल वर्षाला १०,००० डॉलरच्या पुढे गेलं, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा शाळांचा असतो. शिक्षकांच्या पेन्शनमधला नोकरी देणाऱ्याचा वाटा मात्र राज्य भरतं. आरोग्य विमा डिस्ट्रिक्टच्या गळ्यात.

राज्याचं अनुदान २००८ च्या स्कूल फंडिंग रिफॉर्म अॅक्टने ठरतं. आधी मुलांची संख्या मोजतात, पण प्रत्येक मूल सारखं धरत नाहीत. गरीब घरातल्या मुलासाठी जादा भार, इंग्रजी शिकणाऱ्यासाठी जादा भार, हायस्कूलच्या मुलाचा खर्च प्राथमिकपेक्षा जास्त. त्यातून ‘पुरेसं बजेट’ निघतं. मग गावातल्या मालमत्तेची किंमत आणि रहिवाशांचं उत्पन्न यावरून गावाने स्वतः किती भरायला हवं ते काढतात, आणि उरलेलं राज्य देतं. साहजिकच श्रीमंत उपनगराच्या वाट्याला फार थोडं येतं. हे मला योग्य वाटतं. राज्यघटनेत ‘संपूर्ण आणि कार्यक्षम’ मोफत शाळाव्यवस्थेचं वचन १८७५ पासून आहे, आणि ते पाळायला लावण्यासाठी रॉबिन्सन विरुद्ध केहिल आणि अॅबट विरुद्ध बर्क हे खटले वर्षानुवर्षे लढवावे लागले. पैसे नसताना शाळा चालवू नका असा आदेश १९७६ मध्ये न्यायालयाने दिला, तेव्हा कुठे राज्याने इन्कम टॅक्स लावला. पण सूत्र न्याय्य असलं तरी त्याची अंमलबजावणी कित्येक वर्षं अर्धीमुर्धी राहिली. २०१८ च्या कायद्याने सात वर्षांत प्रत्येकाचं अनुदान सूत्राशी जुळवून घ्यायचं ठरवलं, आणि त्यात टॉम्स रिव्हर, जॅक्सन अशा उपनगरांचं अनुदान वर्षामागून वर्ष कापलं गेलं.

गाडी अडते ती दोन टक्क्यांच्या मर्यादेवर. २०१० च्या कायद्यानुसार डिस्ट्रिक्टला स्थानिक कर एका वर्षात स्वतःहून २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. आरोग्य विम्याची वाढ, विद्यार्थिसंख्येतली वाढ अशा मोजक्या गोष्टींना सूट आहे. समजा, एखाद्या डिस्ट्रिक्टचं बजेट २० कोटी डॉलर आहे आणि त्यातले १६ कोटी स्थानिक कराचे. म्हणजे वाढ ३२ लाख. पगार १२ कोटी, करारात ३.५ टक्के वाढ, म्हणजे ४२ लाख. विमा ३ कोटी, हप्ते १२ टक्क्यांनी वाढले, म्हणजे ३६ लाख. बस आणि बाहेरच्या विशेष शाळांच्या फिया दीड कोटी, ८ टक्के वाढ, म्हणजे १२ लाख. एकूण ९० लाख. विम्याच्या २ टक्क्यांवरच्या वाढीची सूट पूर्ण वापरली तर आणखी ३० लाख मिळतात. जमा ६२, खर्च ९०. अनुदान आणि बाकीचा खर्च जागच्या जागी राहिला तरी २८ लाखांचं भोक उरतं. एका शिक्षकामागे पगार-विमा धरून लाखभर डॉलर म्हटले तर २८ जागा. कुणी उधळपट्टी केलेली नाही, कुणी पैसे खाल्लेले नाहीत. गणितच तसं आहे.

हे भोक बुजवताना शिल्लक रकमेला हात लागतो, आणि खरी चूक तिथे होते. शिल्लक एकदाच वापरता येते, पगार दर वर्षी द्यावा लागतो. पुढच्या मार्चमध्ये तेच भोक पुन्हा उघडतं, शिवाय त्या वर्षाचं नवं. करोनाकाळात केंद्राने दिलेल्या मदतीतून ज्यांनी कायमच्या जागा भरल्या, त्यांचं २०२४ मध्ये ती मदत संपल्यावर हेच झालं. बरं, शिल्लक साठवून ठेवायची तर तीही मर्यादेतच. साधारण २ टक्क्यांवरची मोकळी शिल्लक पुढच्या बजेटमध्ये कर कमी करायला वापरावी लागते. म्हणून हुशार डिस्ट्रिक्ट ती वेळेवर कॅपिटल रिझर्व्हमध्ये, म्हणजे इमारतींच्या राखीव निधीत, वळवतात. छपरं आणि बॉयलर यांची सोय त्यातून होते. मोठ्या बांधकामासाठी मात्र बाँड (कर्जरोखा) काढावा लागतो आणि त्यासाठी रेफरेंडम, म्हणजे लोकांचं मतदान. ते कर्ज दोन टक्क्यांच्या बाहेर असतं, कारण लोकांनी स्वतः मत दिलेलं असतं.

मर्यादा एकूण कराला आहे, तुमच्या बिलाला नाही. गावात फेरमूल्यांकन झालं आणि तुमच्या घराची किंमत इतरांपेक्षा जास्त वाढली, तर तुमचं बिल ८ टक्क्यांनीही चढू शकतं. दोन गावांच्या डिस्ट्रिक्टमध्ये आणखी एक वळण असतं. एकूण कर दोन गावांत बहुधा मालमत्तेच्या बाजारमूल्यानुसार विभागतात, त्यामुळे एकाच बजेटने एका गावाचा दर वाढू शकतो आणि दुसऱ्याचा घटू शकतो. शिवाय फेब्रुवारी आणि मेचे हप्ते गेल्या वर्षीच्या आकड्यावर निघतात. नव्या दराची सगळी वाढ ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या हप्त्यांत येऊन पडते आणि लोक घाबरतात.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते, आणि मला ती सगळ्यात जास्त टोचते. गावात रीडेव्हलपमेंटच्या नावाखाली मोठी अपार्टमेंट्स येतात, तेव्हा बिल्डरला बरेचदा ‘पायलट’ करार मिळतो. म्हणजे इमारतीवर नेहमीचा प्रॉपर्टी टॅक्स नाही, त्याऐवजी ठरलेली रक्कम. दीर्घ मुदतीच्या करारात त्यातली ९५ टक्के रक्कम नगरपालिका ठेवते आणि ५ टक्के काउंटीला जाते. शाळेच्या नावाने कायद्याने एक डॉलरही ठेवलेला नाही. मुलं मात्र शाळेत येतात. करार नगर परिषद करते, बोर्ड नाही. तेव्हा आक्षेप घ्यायचा तर परिषदेच्या सभेत आणि करारावर मतदान होण्याआधी.

विशेष शिक्षणाचा खर्च कुणाच्या हातात नसतो. मुलाच्या आयईपीत, म्हणजे त्याच्यासाठी बनवलेल्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, लिहिलेली सेवा द्यावीच लागते, आणि ते योग्यच आहे. विशेष शिक्षणाच्या १९७५ च्या केंद्रीय कायद्यात केंद्राने विद्यार्थ्यामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत भार उचलायचं म्हटलं होतं, नेहमीच्या वर्षांत त्याच्या निम्माही येत नाही. शाळेला वर्षाच्या मध्यात एखादं मूल बाहेरच्या विशेष शाळेत पाठवावं लागलं तर फी आणि बस मिळून मोठी रक्कम बजेटबाहेरची निघते. त्यासाठी एखाद्या पालकाकडे बोट दाखवणं थांबलं पाहिजे. बसचंही तसंच. आठवीपर्यंत २ मैलांपेक्षा आणि हायस्कूलला अडीच मैलांपेक्षा लांब राहणाऱ्यांनाच बस देणं सक्तीचं आहे. त्याच्या आतली बस ही मेहेरबानी, आणि काटछाट आली की पहिली कुऱ्हाड तिच्यावर.

राहिली कामगिरी. एनजेएसएलए या राज्याच्या परीक्षेत इंग्रजी आणि गणिताला ६५० ते ८५० अशी गुणपट्टी असते, ७५० म्हणजे अपेक्षित पातळी गाठली. किती टक्के मुलं ७५० च्या वर आहेत, यावर घरविक्रीच्या साइट्सचे आकडे बरेचसे उभे असतात. पण त्या टक्केवारीत आईवडिलांचं शिक्षण, घरचं उत्पन्न आणि रविवारच्या शिकवण्या सगळं मिसळलेलं असतं. शाळेने काय केलं हे बघायचं तर राज्याच्या स्कूल परफॉर्मन्स रिपोर्टमधला मीडियन स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल बघा. सारख्याच जुन्या गुणांच्या मुलांशी तुलना करून प्रगती मोजतात, आणि ५० च्या आसपास म्हणजे सर्वसाधारण. काही नावाजलेल्या शाळा इथे मध्यावरच असतात, आणि साध्या गावातली एखादी शाळा ६० च्या वर निघते.

वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या गुणांबद्दल कधी शंका नव्हती. तरी २०१५ मध्ये तेव्हाचे सुपरिंटेंडंट डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना १६ पानी पत्र लिहून मुलांवरच्या ताणाचा विषय काढला. हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा बंद झाल्या, काही रात्री गृहपाठमुक्त झाल्या, चौथी-पाचवीच्या पुढच्या पातळीच्या गणिताला कात्री लागली. विद्यार्थ्यांत साधारण ६५ टक्के आशियाई वंशाचे होते, आणि आपल्यातल्या अनेक पालकांना हा दर्जा घसरवण्याचा डाव वाटला. माझ्या मते गुणांच्या तक्त्यात जे दिसत नाही ते बोलून दाखवणं हे सुपरिंटेंडंटचं कामच होतं. गणिताच्या निर्णयावर मात्र वाद घालायला जागा होती, आणि तो वाद बोर्डाच्या सभेत घालायला हवा, व्हॉट्सॲपवर नाही.

वाद घालण्याचा हंगाम ठरलेला आहे. गव्हर्नरच्या बजेट भाषणानंतर दोन दिवसांत प्रत्येक डिस्ट्रिक्टचे अनुदानाचे आकडे जाहीर होतात. मार्चच्या उत्तरार्धात कच्चं बजेट काउंटी सुपरिंटेंडंटकडे (काउंटीतल्या राज्याच्या शिक्षण अधिकाऱ्याकडे) जातं. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला जाहीर सुनावणी होते. कायम न झालेल्या शिक्षकांना पुढच्या वर्षी ठेवणार की नाही हे १५ मेपर्यंत कळवावं लागतं. म्हणजे जूनमध्ये पिटिशन काढून उपयोग नसतो, लोक तोवर दुसरीकडे गेलेले असतात. सुनावणीआधी वेबसाइटवरचं ‘यूझर फ्रेंडली बजेट’ उघडा. नावाप्रमाणे ते खरंच वाचता येतं: विद्यार्थ्यामागे खर्च, शिल्लक, मोठ्या करारांचे तपशील. दोन प्रश्न विचारा. चालू खर्चात किती शिल्लक ओतली आहे? आणि कुठल्या जागा रिकाम्या ठेवून बचत दाखवली आहे?

आणि नागरिक असाल तर जुलैचा शेवटचा सोमवार लक्षात ठेवा. नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी त्या दिवशी दुपारी चारपर्यंत काउंटी क्लार्ककडे अर्ज पोचला पाहिजे. ठरावीक संख्येने मतदारांच्या सह्या आणि डिस्ट्रिक्टमध्ये वर्षभराचं वास्तव्य लागतं. पक्षाचं तिकीट लागत नाही. अनेक गावांत तीन जागांसाठी तीनच अर्ज येतात.