मधल्याचं थांबवलं, थोरल्याचं केलं

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्याकडे दोन गोष्टींची गर्दी होते, हर्नियाची आणि सुंतेची. शाळा बुडत नाही, आत्या-मावश्या गावी आलेल्या असतात, पोराला आठ-दहा दिवस लुंगीवर घरात फिरू देता येतं. मी लहान मुलांची सर्जन आहे आणि सांगली-मिरज भागात काम करते. इथल्या काही मुसलमान घरांत अजून हज्जामाला बोलावून खतना होतो, पण दवाखान्यात येणारे वाढलेत. भूल देऊन करा, पोरगं रडायला नको, असं आता आज्यासुद्धा म्हणतात.

त्या दिवशी एकाच घरातली तीन पोरं यादीवर होती, सख्खी-चुलत भावंडं. थोरला पहिलीतून दुसरीत गेलेला, मधला चार वर्षांचा, धाकटा अजून दुपट्यातून नुकता बाहेर आलेला. सोबत दोघे बाप, मधल्याची आई, आजी आणि दावतीचं छापलेलं कार्ड. पुढच्या रविवारी मंडप, बिर्याणीच्या देगा सांगून झालेल्या, घोडा ठरलेला. थोरल्याला आणि धाकट्याला मी आधी ओपीडीत तपासलं होतं. मधला आजोळी होता, तो थेट त्याच सकाळी आला, उपाशीपोटी आणि वैतागलेला.

चड्डी काढली आणि भूल देणाऱ्या मॅडमना मी हाक मारली, "याचं थांबवा." वरच्या बाजूला त्वचेचा टोपीसारखा जाड पदर, खालच्या बाजूला त्वचाच नाही. लघवीचं भोक टोकाला नसून खाली, शिस्नमुंडाच्या जरा मागे, आणि शिस्न खालच्या अंगाला वाकलेलं. याला हायपोस्पेडियास म्हणतात. २०० ते ३०० मुलग्यांमागे एकाला हा जन्मजात दोष असतो, म्हणजे काही फार दुर्मीळ नाही. मी आईला विचारलं, पोरगं लघवी कशी करतं? ती हळूच म्हणाली, "बसून. उभं राहिलं की पायावर जाते."

आजीला मात्र सगळं ठाऊक होतं. "पैगंबरी हाय त्यो, डॉक्टरीणबाई. अल्लानं अर्धं करूनच पाठवलाय."

असं मानणारी बरीच घरं मी पाहिली आहेत. पुढची त्वचा अपुरी असलेलं मूल जन्मतःच खतना होऊन आलं, ते भाग्याचं, असा समज. त्यामुळे ज्या पोराला सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत आमच्याकडे आणायला हवं, ते कौतुकात वाढतं आणि चार-पाच वर्षांचं होऊन येतं. समज वाईट नाही, एका अर्थी तो आईला दोषी ठरवत नाही. मूल वेगळं जन्मलं की ग्रहणापासून पपईपर्यंत सगळं आईच्या माथी मारणारी घरंही माझ्या ओपीडीत येतात.

बापाचं म्हणणं सोपं होतं. अर्धं झालंच आहे, तर उरलेलं जरासं नावाला काढून टाका, तिघांचं एकत्र होऊन जाईल, दावत एकच. मी म्हटलं, नाही. तो जो वरचा पदर दिसतोय ना, त्याच्याच आधाराने मला नवा लघवीचा मार्ग झाकायचा आहे, खालची उघडी बाजू बुजवायची आहे. आज तो कापून टाकला तर पुढे कधी गालाच्या आतलं अस्तर काढून आणायची वेळ येते, ऑपरेशन वाढतात, जोड मध्येच फुटून भलतीकडून लघवी यायचा धोका वाढतो. हे मी चित्र काढून सांगितलं. बाप चित्राकडे बघत राहिला, पण समजलं आजीला. चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवलेली बाई. "म्हंजे कापड आधीच कातरून टाकलं तर ठिगळ कशाचं लावायचं," असं ती लेकालाच म्हणाली.

तरी फोन झालाच. मशिदीतल्या मौलानांना विचारल्याशिवाय घरात निर्णय व्हायचा नव्हता. मला वाटलं, आता इथे अर्धा तास जाणार. गेली दोन मिनिटं. मौलाना म्हणाले, डॉक्टर थांबा म्हणतायत तर थांबा, वयाचं बंधन नाही. खतन्याचा उल्लेख कुराणात नाही, तो हदीसवर, म्हणजे पैगंबरांच्या वचनांवर उभा आहे. हनफी पंथात तो सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत मानला जातो, तर कोकणातल्या शाफई मुसलमानांत वाजिब, म्हणजे अनिवार्य. आमच्या भागातली बहुतेक घरं हनफी. पण मुलाला इजा होणार असेल तर थांबा, यावर दोन्हीकडचे मौलवी मला सारखंच सांगत आले आहेत. ज्यूंमध्ये तर हा विचार फार जुना आहे. एका आईची दोन मुलं सुंतेत रक्तस्राव होऊन गेली तर तिसऱ्याची करू नये, असं तालमूद या त्यांच्या धर्मग्रंथात आहे. रक्त न गोठण्याच्या आजाराला हिमोफिलिया हे नाव मिळायच्या कितीतरी शतकं आधीची ही गोष्ट.

मधल्याच्या आईने मला दाराशी गाठलं. "मॅडम, याला पुढं मूल होईल न्हवं?" हा प्रश्न पुरुषांसमोर विचारायचा नसतो. भोक टोकापासून फार लांब नव्हतं, अंडकोष दोन्ही खाली उतरलेले होते. मी म्हटलं, ऑपरेशन नीट झालं तर काळजीचं कारण दिसत नाही. तिने पदर सारखा केला आणि पोराला बिस्किटाचा पुडा फोडून दिला. सकाळपासून उपाशी होतं ते.

एवढ्यावर दिवस निभावला असता तर मी हे लिहायला बसले नसते. पण शेजारच्या कॉटवर हिरवा झगा घालून मोबाईलवर गेम खेळणारा थोरला हे सगळं ऐकत होता. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "त्याचं न्हाई तर माझं पण न्हाई."

सगळे हसले. काकाने टपली मारली.

पोराचं बोलणं मात्र मी टपलीवर सोडू शकले नाही. गेला अर्धा तास मी त्याच्या काकाला काय सांगत होते? की ही त्वचा एकदा गेली की परत येत नाही, घाई काही नाही, पोराच्या हिताचं नसेल ते आज करू नये. यातलं पहिलं आणि दुसरं थोरल्यालाही जसंच्या तसं लागू होतं. तिसऱ्याबद्दल माझ्याकडे त्याच्यासाठी उत्तर नव्हतं. मधल्याला नाही म्हणताना माझ्या हातात आजार होता, म्हणून माझा आवाज ठाम होता. थोरला ठणठणीत होता. त्याची त्वचा सहज मागे सरकत होती, जंतुसंसर्ग कधी नव्हता. त्याचं ऑपरेशन करायला वैद्यकीय असं एकही कारण नव्हतं आणि तरी त्याचं नाव यादीत माझ्याच अक्षरात होतं.

फायदे सांगणारे सांगतात, ते खोटे नाहीत. तान्ह्या मुलांत लघवीचा जंतुसंसर्ग कमी होतो. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांनंतर २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलं की स्त्रीकडून पुरुषाला होणारी एचआयव्हीची लागण सुंतेमुळे सुमारे ६० टक्क्यांनी घटते. पण त्या चाचण्या प्रौढ पुरुषांवरच्या, स्वतःहून तयार झालेल्यांवरच्या होत्या. आणि खरं सांगायचं तर यातलं काही मनात धरून माझ्याकडे कुणीही आलेलं नाही. लघवीचा जंतुसंसर्ग टळावा म्हणून कुणी बिर्याणीची देग चढवत नाही. ते येतात कारण बापाचं झालंय, आजोबांचं झालंय, आणि पोरगं आपलं आहे.

कायदा माझ्या बाजूने आहे, असं म्हणायला हरकत नाही. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, प्रामाणिक हेतूने, पालकांच्या संमतीने केलेल्या गोष्टीला पूर्वी दंडविधानाचं कलम ८९ संरक्षण द्यायचं, आता न्याय संहितेचं २७. भलं कशाला म्हणायचं हे कलम सांगत नाही. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयासमोर मुलांच्या सुंतेवर बंदीची याचिका गेली होती, ती फेटाळली गेली. जर्मनीत २०१२ मध्ये कोलोनच्या न्यायालयाने एका चार वर्षांच्या मुलाच्या खटल्यात उलटं म्हटलं होतं, की पालकांच्या श्रद्धेपेक्षा मुलाच्या शरीराचा हक्क मोठा. त्या मुलाला ऑपरेशननंतर रक्तस्राव झाला होता. डॉक्टर निर्दोष सुटला, पण देशभर मुसलमान आणि ज्यू दोघेही हादरले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात जर्मन संसदेने सुंतेला परवानगी देणारा कायदा केला. मला कोलोनचा तर्क पटतो. त्या तर्काने बंदी आणावी हे पटत नाही. बंदी आली तर सुंता थांबणार नाही, ती माझ्या टेबलावरून उठून बंद खोलीत जाईल, आणि भूल फक्त श्रीमंतांच्या पोरांना मिळेल.

मी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि थोरल्याजवळ बसले. का नको, विचारलं. सुई टोचणार म्हणून. मास्कने झोपवू, सुई झोपेत, हे सांगितल्यावर तो विचारात पडला. मग म्हणाला, "माझं झालं न्हाई तर घोड्यावर कोण बसणार?" मी म्हटलं, ते तुझ्या अब्बांना विचारावं लागेल. "मग करा."

घोड्यासाठी दिलेल्या होकाराला होकार म्हणायचं का, हे मी भूल देणाऱ्या मॅडमना हात धुताना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या सुईणीने तुझे कान टोचताना तुला काय देऊ केलं होतं?" आमचं काम करता करता असंच चालतं. मी म्हटलं, कानाचं भोक बुजतं. त्या म्हणाल्या, चल, पोरगं झोपलंय.

मी केलं, दोघांचंही. मणक्याच्या शेवटाशी बधिर करायचं इंजेक्शन, कॉडल ब्लॉक, म्हणजे जागं झाल्यावरही पाच-सहा तास कंबरेखाली दुखत नाही. रक्त थांबवायला बायपोलर कॉटरी, म्हणजे चिमट्याच्या दोन टोकांतच करंट फिरवून शीर जाळणारं यंत्र; अंगातून करंट नेणारं साधं मोनोपोलर इथे अजिबात वापरायचं नाही, कारण शिस्नाच्या बारीक बुंध्यातून करंट एकवटून जातो आणि अख्खा अवयव जळू शकतो. हे सांगायचं कारण, छोटंसं काम म्हणून सुंता कुणाच्याही हाती सोपवली जाते, आणि बिघडलेली पोरं मग आमच्याकडे येतात.

त्याच दुपारी ओपीडीत अकरा वर्षांचा एक मुलगा आला. कमरेच्या करदोट्याला ताईत, बाप शेतकरी. पुढच्या त्वचेचं टोक पांढरं, कडक, लघवी करताना फुगा होतो. स्टिरॉइडचं मलम लावून झालं होतं. या आजारात सुंता हाच उपाय, नाही केली तर मूत्रमार्ग आवळत जातो. बाप म्हणाला, "मॅडम, आमच्यात हे चालत न्हाई." मग आवाज खाली करून, "उद्या कुठं दंगलबिंगल झाली तर?" यावर मी काय बोलणार! त्याने शेवटी मान्य केलं, एका अटीवर, की कार्डावर तो शब्द नको. मी नेहमीप्रमाणे आजाराचं लांबलचक लॅटिन नाव लिहिलं. ते कुणी वाचत नाही.

(जाता जाता. या आजाराचं म्हणत नाही मी, पण हिंदू घरांतून माझ्याकडे येणारी निम्मी 'घट्ट त्वचा' मुळात आजार नसतोच. डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी १९४९ मध्येच दाखवलं होतं की जन्मतः फक्त ४ टक्के मुलांची त्वचा मागे सरकते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांची आपोआप मोकळी होते. पण मालीशवाली बाई रोज तेल लावून ती ओढते, तिथे चिरा पडतात, व्रण धरतात आणि खरंच घट्ट होते. बाईला पगार देऊन थांबवा.)

मधल्याचं ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत झालं. पदराचा हवा तेवढा भाग कामी आला, उरलेलं जास्तीचं निघालं, म्हणजे खतनाही आपसूक झाला. आजीने त्यासाठी वेगळी दावत केली, लहानशी.

त्या मे महिन्यानंतर मी एक पद्धत लावून घेतली आहे. सहाच्या पुढचं कुठलंही मूल असो, मी त्याला नातेवाइकांशिवाय विचारते. आजार नसेल आणि ते नाही म्हणालं, तर त्या दिवशी नाही. भूल देणाऱ्या मॅडम याला माझं नाटक म्हणतात. यंदा एक नऊ वर्षांचा मुलगा स्पष्ट नाही म्हणाला, घोड्यालाही भुलला नाही. मी बापाला सांगितलं, वर्षभर थांबा, त्याच्याशी बोला. बाप काही न बोलता फाइल घेऊन गेला. आठवड्याभराने तोच मुलगा सुजलेली, पू धरलेली जखम घेऊन आला. दुसरीकडे कुठेतरी करून घेतलं होतं, फक्त जागा बधिर करून. ड्रेसिंगला मी पोराला झोपवलं. बाप बाहेर सिस्टरला विचारत होता, आधीच इथं केलं असतं तर किती झाले असते.